नाण्याची चतुःसीमा : शेतात सापडणारे निधी आणि त्यांचे प्रामाण्य

(१)

नाणे स्वतःच बोलते, असे म्हणण्याचा प्रघात आपल्या संशोधकांत बराच जुना आहे. ताम्रपट बनावट निघतो, बखरकार ऐकीव मजकूर लिहितो, शकावलीत तिथींचा घोळ असतो; नाण्यावर मात्र राजाचे नाव, बिरुद, टांकसाळ आणि कित्येकदा सनही खुद्द त्या राज्याच्या हुकुमाने उमटलेला असतो; सबब साक्षीदारांत नाण्यास अग्रपूजेचा मान द्यावा, असा हा युक्तिवाद. तो अर्धा खरा आहे. नाणे कोणी पाडले हे ते स्वतः सांगते. परंतु ते कोणत्या वाटेने आले, कोणाच्या हातात फिरले, केव्हा व कोणत्या प्रसंगाने जमिनीत गेले आणि तेथे त्याच्या शेजारी काय होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्या दोन्ही अंगांवर मिळत नाही. ते उत्तर भोवतालच्या मातीत असते. आणि इतिहासास बहुधा हेच दुसरे उत्तर हवे असते.

आमच्या वाचकांत हस्तलिखितांचे संग्राहक पुष्कळ आहेत. त्यांस ही गोष्ट पटवून देण्यास फार शब्द नकोत. पेशवाईतील खासगी पत्रांत महिना व चंद्र दिलेला असतो, साल बहुधा नसते. असे पत्र रुमालात आपल्या जागी असेल तर मागच्यापुढच्या पत्रांवरून त्याचे साल ठरविता येते. तेच पत्र रद्दीच्या दुकानातून सुटे आले, तर अक्षर कितीही सुंदर असले आणि मजकूर कितीही महत्त्वाचा असला तरी ते अनेक वर्षांच्या दरम्यान लोंबकळत राहते. इनामपत्राचेही तसेच. बिघ्यांचा आकडा असला, शिक्का असला, आणि चतुःसीमा नसली, तर जमीन कोणती हे कोण सांगणार? नाण्यासही अशी चतुःसीमा असते. कोणते शेत, किती खोली, कोणते भांडे, सोबत कोणती नाणी, या त्याच्या चार शिवा होत. त्या पुसल्या की नाणे उरते, पुरावा जातो.

अलीकडे धातुशोधक यंत्रे कोणासही विकत मिळू लागली आहेत व जुन्या शेतांतून नाणी आणि अवशेष हुडकण्याचा छंद जगभर वाढला आहे. या छंदाविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ही उघड चोरी. दुसरा म्हणतो, जमिनीत कुजण्यापेक्षा वस्तू वर आलेली बरी. दोन्ही सुरांत वस्तूचाच विचार आहे, तिच्या जागेचा नाही. म्हणून प्रसिद्ध झालेल्या काही निधींची हकीकत या एकाच कसोटीवर तपासून पाहावी, व त्यावरून यंत्र, कायदा आणि संग्राहक या तिघांच्या वाट्याला किती दोष जातो हे ठरवावे, असा या लेखाचा हेतू आहे.

(२)

विचारास प्रत्यक्ष जागा असावी म्हणून आम्ही दौंड तालुक्यातील वरवंडची पट्टी डोळ्यांपुढे ठेवतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत आणि पाटस यांच्या दरम्यान हे गाव आहे. ते राजधानीचे ठिकाण नव्हे, की मोठ्या दुर्गाचे नव्हे; आणि आमच्या मते त्याचे महत्त्व नेमके यातच आहे. किल्ल्यावर पहारा असतो, लेण्यापाशी सरकारी पाटी असते. साध्या गावच्या शेतास यांपैकी काहीच नसते. महाराष्ट्रातील निधी बहुतेक अशाच साध्या जमिनींतून निघाले आहेत, हे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

ही जमीन आता वेगाने बदलत आहे. खडकवासल्याहून आलेल्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी या भागात फिरले, वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव त्या पाण्यावर भरू लागला, आणि जिरायत शिवारात ऊस उभा राहिला. उसासाठी जमीन सपाट करावी लागते. बैलाच्या नांगराचा फाळ जेथवर जात नव्हता तेथवर ट्रॅक्टरचा फाळ जातो. गावाचे दोन भाग आपले पूर्वज मानीत : काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढर म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंती आणि खापरे मुरून झालेली ही पांढरीची माती खतासाठी व विटांसाठी गाड्या भरभरून नेण्याची चाल जुनी आहे. जेसीबी आल्यापासून ती गाड्यांवर राहिली नाही. ओसाड पडलेल्या गावांची रिठे तर नांगराखाली केव्हाच गेली. थोडक्यात, माती हलविण्याचे काम यंत्रधारी हौशी माणसाच्या पुष्कळ आधी सुरू झालेले आहे. हे आम्ही मुद्दाम प्रथम सांगतो. कारण सर्व पाप एकट्या धातुशोधकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

या यंत्राचा गुण व दोष त्याच्या रचनेतच आहे. त्याच्या चकतीतील तारेच्या वेटोळ्यातून सतत बदलणारे चुंबकक्षेत्र जमिनीत सोडले जाते. त्यामुळे धातूत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात व त्यांचा उलट परिणाम यंत्र ध्वनीच्या रूपाने कळविते. सुटे नाणे वीतभर खोलीपर्यंत कळते. मोठे भांडे त्याहून खाली असले तरी कळू शकते. आपली दख्खनची माती अग्निजन्य खडकापासून झालेली असून तीत लोहाचे चुंबकीय कण भरपूर असतात; त्यामुळे यंत्र या जमिनीत फसवे आवाज देते आणि अधीर मनुष्य एका नाण्यासाठी वीस खड्डे करतो. शिवाय खिळे, नाल व लोखंडी भंगार यांचा त्रास चुकविण्यासाठी लोखंडाचा आवाज दाबून ठेवण्याची सोय यंत्रात असते. ती वापरली की बाणाची टोके, कुलपे, विळे, घोड्यांचे नाल हे सर्व मौन धरतात. रणभूमीच्या अभ्यासाला तेच तर हवे असतात.

मातीची तर या यंत्रास भाषाच येत नाही. याचे उत्तम उदाहरण वरवंडच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात आहे. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजाने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. सांकळिया, अन्सारी व ढवळीकर यांच्या त्या कामाचा वृत्तांत १९८८ साली प्रसिद्ध झाला. इ. स. पूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वस्ती. तेथे तांबे फार थोडे मिळाले. जे खरे धन मिळाले ते असे : घरांच्या जमिनी व चुली, जळालेले धान्य, जमिनीखाली पुरलेल्या मुलांच्या कुंभांची दफने, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसविलेला एक प्रौढ पुरुष, आणि घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत जपून ठेवलेली शिरोहीन स्त्रीमूर्ती. महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्याचे चरित्र या वस्तूंवरून लिहिले गेले. त्या पांढरीवर यंत्र फिरविले असते तर ते जवळजवळ मुकाट्याने पुढे गेले असते. आणि क्वचित एखाद्या तांब्याच्या तुकड्यापाशी ओरडले असते, तर त्या तुकड्यासाठी खणणाऱ्याने ती डबी फोडली असती.

जुन्या काळी गुप्तधन पाहण्यासाठी पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालीत. त्या समजुतीपायी अघोरी प्रकारही घडत आले. महाराष्ट्राने २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेल्या अशा कृत्यांचा उल्लेख करावा लागला, यावरून समजुतीची चिवट मुळे दिसतात. अंजनाची जागा आता यंत्राने घेतली; ते खोटे नाही, एवढाच फरक. पाहणाऱ्याची दृष्टी मात्र तीच, हंड्यावर खिळलेली.

(३)

आता निधींकडे वळू. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली निघालेला चांदीच्या नाण्यांचा निधी हा आपल्या नाणेशास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध होय. रेव्हरंड स्कॉट यांनी १९०८ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचे वर्णन केले. नाणी १३,२५० च्या खाली नव्हती; सर्व मूळची क्षहरात नहपानाची. त्यांपैकी ९,२७० च्या वर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. म्हणजे शंभरात सत्तर नाणी नव्या धन्याच्या नावावर आली होती, आणि तीस अद्याप जुन्याच्या नावावर होती.

या हकीकतीचे बळ कशात आहे? नहपानाचे एक नाणे कोणत्याही सराफाकडे मिळाले असते, तर क्षहरात राजाचे नाव कळले असते. पुन्हा छाप मारलेले एक नाणे मिळाले असते, तर गौतमीपुत्र नहपानाच्या काळी किंवा त्यानंतर राज्य करीत होता इतके कळले असते. परंतु दहा हजारांच्या घरातील नाण्यांवर एकाच ठिकाणी तोच प्रकार दिसला, म्हणूनच ही एखाद्या सोनाराची लहर नसून जिंकलेल्या मुलखातील चलन सरकारी रीतीने आपल्या नावे करून घेण्याचे काम होते, असे ठामपणे म्हणता आले. आणि नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात क्षहरातांच्या उच्छेदाची जी प्रौढी आहे, तीस चांदीची साक्ष मिळाली. स्कॉट यांनी आणखी एक गोष्ट टिपली. नहपानाचे म्हणून जे मुखवटे नाण्यांवर आहेत ते परस्परांशी जुळत नाहीत; वय निराळे, नाकाची ठेवण निराळी. त्यावरून ते एकाच पुरुषाचे नसून घराण्यातील निरनिराळ्या पुरुषांचे असावेत, असा तर्क त्यांनी केला. तो तर्क मान्य करा वा करू नका. इतकी नाणी एका टेबलावर मांडल्यावाचून तो प्रश्नच उद्भवला नसता. पुढे ही नाणी नाना संग्रहांत विखुरली. विखुरण्यापूर्वी मोजली गेली, एवढ्यानेच हा निधी इतिहासास लाभला.

दुसरा निधी विदर्भातील. तेव्हाच्या अकोला व आताच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहनांची सुमारे सोळाशे पोटीनची नाणी मिळाली. महामहोपाध्याय मिराशी यांनी ती वाचली. नाणी दिसावयास क्षुद्र. पोटीन म्हणजे हलक्या मिश्र धातूची, काळवंडलेली, कडा झिजलेल्या, कित्येकांवर तीनचार अक्षरेच उरलेली. हौशी संग्राहकाने त्यांतील पाचपन्नास ठळक नाणी उचलून बाकीची मोडीत टाकली असती, तर त्यास कोणी दोष दिला नसता. मिराशींनी मात्र अर्धवट नाण्यास दुसऱ्या अर्धवट नाण्याची जोड देऊन, एकाचा आरंभ व दुसऱ्याचा शेवट लावून, राजांची नावे पुरी केली; आणि पुराणांच्या याद्यांत ज्यांचा पत्ता नाही असे कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी हे राजे उजेडात आले. येथे कुरूप नाण्यांनी सुंदर नाण्यांहून अधिक काम केले. निवड करणारा हात या कामाचा शत्रू ठरला असता. आणि यंत्र घेऊन फिरणारा व त्याच्याकडून घेणारा हे दोघेही स्वभावतः निवड करणारे असतात, हे लक्षात ठेवावे.

(४)

आता जेथे चतुःसीमा हरवली अशी दोन उदाहरणे.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या : बैलांचा रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. कारागिरी अशी की भारतातील आद्य धातुमूर्तींत त्यांची गणना होते. पुढे साळी यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले व वस्तीचे थर लावले; परंतु या चार मूर्ती थर लावण्यापूर्वीच बाहेर आल्या होत्या. त्या उत्तर हडप्पा काळच्या, असे साळींचे मत. धातूतील सोमलाचे प्रमाण व घडण यांकडे बोट दाखवून अग्रवाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते मत नाकारले व मूर्ती पुष्कळ अर्वाचीन असू शकतील असे म्हटले. दोन मतांत शतकांचे अंतर आहे. शेतकऱ्याचा यात कोणताही अपराध नाही. त्याने मूळ खणले. तथापि एका हाताच्या अंतरातील माती कोणत्या रंगाची होती, तीत कोणते खापर होते, हे त्या दिवशी कोणी टिपले असते तर आपल्या सर्वोत्कृष्ट काशाच्या मूर्तींना आज निर्विवाद शतक असते.

दुसरे उदाहरण पुण्याच्या दाराशी घडले. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे बांधकामाच्या खोदाईत निघालेली सोन्याची नाणी २०२१ च्या मार्चमध्ये पोलिसांनी जप्त केली. नाणी २१६, वजन २,३५७ ग्रॅम. सोबत काशाच्या तांब्याचा ५२५ ग्रॅमचा एक तुकडा. नाणी १७२० ते १७५० च्या दरम्यानची व बादशहा मुहम्मदशहाच्या नावाची, असे तेव्हा जाहीर झाले. वजनास संख्येने भागले तर दर नाण्यास सरासरी १०.९ ग्रॅम पडतात, आणि मोगली मोहरेचे वजन तेवढेच असते. म्हणजे आकडे परस्परांस धरून आहेत.

परंतु ही हकीकत पंचनाम्याची आहे; ती माल सांगते, प्रसंग सांगत नाही. मुहम्मदशहा १७१९ पासून १७४८ पर्यंत तख्तावर होता. याच काळात शाहूच्या छत्राखाली बाजीराव व नानासाहेब यांची मसलत नर्मदेपलीकडे गेली. मग पेशव्यांच्या घरच्या मुलखात मोगली मोहरांचा हा साठा कसा आला? स्वारीतून आला, व्यापारातून आला, की कोणा सावकाराच्या पेढीचा? मोहरा एकाच उत्तरेकडील टांकसाळीच्या असतील तर एक उत्तर संभवते. सुरत, औरंगाबाद अशा अनेक टांकसाळींच्या असतील तर दुसरे. आणि पुरल्या केव्हा? निधीतील सर्वांत अलीकडचे नाणे ज्या साली पडले त्यापूर्वी तो निधी पुरला गेला नसला पाहिजे, हा नाणेशास्त्रातील पहिला नियम. पण तेवढ्याने फक्त आधीची मर्यादा ठरते. निजामअलीने १७६३ साली पुणे जाळले, तेव्हाच्या पळापळीत पुरल्या काय? १८०२ साली हडपसरची लढाई होऊन यशवंतराव होळकर पुण्यात आला, तेव्हा? भांड्याच्या बाकीच्या तुकड्यांची घडण, भोवतालचा खड्डा, वरच्या थरातील खापरे, जवळ भिंतीचा पाया होता की मोकळे रान, यांतून याचे उत्तर मिळावयाचे. सोने परत मिळविता येते, आणि ते पोलिसांनी मिळविले हे उत्तमच झाले; खड्डा परत मिळविता येत नाही.

हाच विचार वरवंडच्या शिवारात एखादी शिवराई सापडली तर करावा लागेल. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेले हे तांब्याचे नाणे पुढील छत्रपतींच्या व पेशव्यांच्या अमदानीत त्याच मजकुराने पडत राहिले आणि इंग्रजी अंमल बसल्यावरही बाजारात चालत होते. तेव्हा सुटी शिवराई हाती येताच ती शिवकालीन म्हणून मिरविणे फोल होय. ती दीड शतकातील कोणत्याही वर्षी शेतकऱ्याच्या कनवटीतून पडलेली असू शकेल. परंतु तशाच दहा शिवराया एका रिठावर, एका प्रकारच्या खापरांसह, वस्ती उठल्याच्या खुणांसह मिळाल्या, तर त्या गावाच्या उठण्याचा काळ सांगू शकतील. नाणे तेच, एकटे असता मुके, चतुःसीमेसह वाचाळ.

(५)

इतके वाचून कोणी म्हणेल, मग यंत्रावर सरसकट बंदीच घालावी. आमचे मत तसे नाही. आणि याची कारणे परदेशांतील दोन उदाहरणांत आहेत.

अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथे १८७६ साली झालेल्या लढाईची जागा १९८३ च्या वणव्यात गवत जळून उघडी पडली. पुढील दोन वर्षांत तेथे पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे ओळीने फिरविली. प्रत्येक आवाजापाशी झेंडी रोवली, प्रत्येक गोळीची व काडतुसाच्या पुंगळीची जागा नकाशावर मांडली, व मगच वस्तू उचलली. पुंगळीवरील ठशांवरून एकेक बंदूक मैदानातून कशी सरकत गेली हे लावता आले, आणि शंभर वर्षे चाललेल्या वादांतील काही मुद्दे मिटले. येथे यंत्राने पुरावा नष्ट केला नाही, निर्माण केला. आमच्या शिरूर तालुक्यातही कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ ची लढाई झाली. तिच्याविषयी कागद पुष्कळ आहेत व मतभेदही पुष्कळ आहेत. तेथील गोळ्या हौशी खिशांतून गेल्या, तर त्या लढाईचा जमिनीतील कागद कायमचा फाटेल; रीतसर पाहणीत जागेसह टिपल्या गेल्या, तर दोन्ही बाजूंच्या लेखी हकीकती त्यांवर पारखता येतील.

दुसरे उदाहरण इंग्लंडातील फ्रोम येथले. एप्रिल २०१० मध्ये यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसास शेतात मडक्याचे तोंड व काही रोमन नाणी लागली. त्याने खणणे थांबविले व पुरातत्त्वज्ञांस कळविले. मडक्यात ५२,५०३ नाणी निघाली. वजन सुमारे १६० किलो. ती एकदम न उपसता थराथराने काढली गेली, आणि त्यामुळे एक अपूर्व गोष्ट कळली. सर्वांत अलीकडची, म्हणजे कॅरॉशियस याची बहुतेक नाणी मडक्याच्या निम्म्याहून खाली होती. जुनी त्यांच्या वर. वर्षानुवर्षे बचत करून टाकलेला हा गल्ला असता तर नवी नाणी वर असती. सबब मडके एकाच प्रसंगी, लहान भांड्यांतून ओतून भरले असावे, असे अनुमान निघाले. मडके रिकामे करून नाणी धुऊन मांडली असती, तर संख्या तीच भरली असती, किंमतही तीच आली असती. हे अनुमान मात्र कोणासही करता आले नसते. तात्पर्य, दोष यंत्रात नाही. आवाज आल्यानंतर पुढच्या घटकेत मनुष्य काय करतो, त्यात आहे.

(६)

ती घटका सावरण्याचे काम कायद्याचे. आपल्याकडे अद्याप १८७८ चा निधीविषयक कायदा चालतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास त्याचे स्वरूप, किंमत, जागा व तारीख कलेक्टरास लेखी कळवावी, निधी सरकारी खजिन्यात भरावा किंवा जामीन द्यावा. मालक ठरला नाही तर सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश व जमिनीच्या मालकास एक चतुर्थांश मिळावा. लपविल्यास वाटा जप्त व एक वर्षापर्यंत कैद. जागा व तारीख मागितली, हे या कायद्याचे श्रेय आम्ही मोकळेपणी देतो. पण त्याची सर्व रचना वारसाहक्काच्या तंट्यासाठी आहे. निधी शंभर वर्षांच्या आत पुरला की बाहेर, हा प्रश्न त्यास पडतो तो मूळ मालकाचा वारस हयात असेल म्हणून, इतिहासासाठी नव्हे.

त्याचा खरा दोष किमतीच्या कलमात आहे. निधी सरकारास ठेवून घ्यावयाचा असेल, तर त्यातील द्रव्याची किंमत व तिचा पाचवा हिस्सा अधिक द्यावा, असे ते म्हणते. म्हणजे नहपानाची चांदी मोडीच्या भावाने अधिक वीस टक्के, आणि तऱ्हाळ्याचे पोटीन तर कवडीमोल. बाजारात त्याच वस्तूस दसपट देणारा उभा असता, प्रामाणिक शेतकऱ्याने कलेक्टरकडे का जावे? त्यात खटल्याचा धाक, जमीन अडकेल ही भीती, आणि सोनाराची मूस जवळ. इंग्लंडाने १९९६ च्या कायद्याने चौदा दिवसांत वर्दी देण्याचे बंधन घातले, पण मोबदला बाजारभावाने ठेवला व तो सापडणारा आणि जमीनमालक यांस मिळण्याची सोय केली. आणि १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या नावाने, कायद्यात न बसणाऱ्या क्षुल्लक वस्तूही स्वखुशीने जागेसह नोंदविण्याची व्यवस्था केली. तीत पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. तेथेही रात्री चोरून खणणारे आहेतच. परंतु नोंदविणाऱ्यास मान व दाम आहे.

आपल्या १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्थळी परवानगीवाचून खणता येत नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरील नाणी व पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाची हस्तलिखिते यांस पुरावस्तू ठरवून खासगी निर्यातीस बंदी केली. दोन्ही योग्य. परंतु एक स्मारकाच्या आवारापुरता, दुसरा बंदरापुरता. वरवंडचे शेत या दोहोंच्या मध्ये उघडे पडते. किमतीचे कलम बदलून मोबदला बाजारभावाशी जोडणे, आणि तालुक्याच्या ठिकाणी निर्भयपणे नोंद देता येईल अशी सोय करणे, या दोन सुधारणा आम्हांस अत्यावश्यक वाटतात.

(७)

शेवटी संग्राहकाविषयी, म्हणजे आपल्या स्वतःच्या वर्गाविषयी, लिहिणे प्राप्त आहे. कायदा सुधारेल तेव्हा सुधारो. मागणी मात्र आपण उत्पन्न करतो. नाणी विकणाऱ्यास "कोठे सापडले?" असे विचारले की "जुन्या वाड्यातून" हे उत्तर ठरलेले असते, आणि घेणारा ते ऐकून संतोष मानतो, कारण अधिक विचारल्यास नाणे दुसऱ्याकडे जाईल. ज्या संग्राहकाने मोडी कागद घेताना रुमालाचा, घराण्याचा व दप्तराचा शोध शेवटपर्यंत लावला असता, तोच नाण्याच्या बाबतीत इतका भोळा का होतो? राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड काढले तेव्हा कागद कोणत्या घरी व कोणत्या स्थितीत मिळाले हे सांगण्याचा आग्रह धरला. ही शिस्त कागदापुरती ठेवण्याचे काहीच कारण नाही. मूळ न सांगता घेतलेल्या नाण्यात बनावटीचा धोका असतो तो वेगळाच. शिवरायांच्या सोन्याच्या होनास जितकी मागणी, तितकी त्याच्या नकलांची पैदास.

म्हणून आम्ही पुढील टाचण सुचवितो. शेतात नाणे वा निधी आढळल्यास ते उचलण्यापूर्वी शेताचा गट नंबर व लोकांच्या तोंडचे जुने नाव लिहावे. शेतांच्या नावांत कित्येकदा उठलेली वस्ती, गढी किंवा पेठ लपलेली असते. बांधापासून, विहिरीपासून वा ओढ्यापासून अंतर पावलांनी मोजावे. खोली वितीने मोजावी. मातीचा रंग, राख, कोळसा, वीट, खापर यांपैकी काय दिसले ते लिहावे, व मूठभर खापरे त्याच पिशवीत ठेवावीत. भांडे असल्यास हलवू नये, उपसू नये. जागेवर झाकून वर्दी द्यावी. फुटलेच असेल तर प्रत्येक तुकडा जपावा. नाणी चिंचेने वा तेजाबाने घासू नयेत. तांब्याच्या गंजात कापडाचा दोरा चिकटून राहतो व तोच पिशवीचा एकमेव पुरावा असतो. संग्राहकाने असे टाचण नसलेला शेतातील माल घेऊ नये. आणि पूर्वी घेतलेल्या नाण्यांविषयी विक्रेत्याने जे सांगितले ते, विश्वसनीय असो वा नसो, तारीखवार लिहून नाण्यासोबत ठेवावे. हस्तलिखितांच्या यादीत प्राप्तिस्थानाचा रकाना असतो, तसा प्रत्येक नाणेसंग्रहाच्या यादीत असावा, व तो रिकामा असेल तर रिकामाच छापावा.

वरवंडच्या शिवारात आणखी किती गाडगी पुरलेली आहेत हे कोणास ठाऊक? ती निघतीलच, ऊस, विटा, रस्ते आणि यंत्रे यांच्या धडाक्यात पूर्वीपेक्षा लवकर निघतील. ती मोहरांच्या संख्येने नोंदली जावयाची, की जोगळटेंभीप्रमाणे इतिहासाच्या पानावर, हे फाळ लागल्यानंतरच्या पहिल्या घटकेत ठरेल. त्या घटकेत शेतावर हजर असणारा मनुष्य संशोधक नसेल. तो शेतकरी, मजूर किंवा यंत्रवाला असेल. त्याच्या हाती हे टाचण आधीच पोचलेले असावे, यासाठी आमच्या वाचकांनी आपापल्या गावी झटावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.